चार छोटे संगणक की एक मोठा? घरगुती रेंडरिंगचा हिशेब

तुळशीविवाह आटोपला की गोव्यात लग्नसराई सुरू होते आणि तिच्याबरोबर जत्रांचा हंगामही रंगू लागतो. लग्न, साखरपुडा, मुंज, जत्रेतील नाटक, देवळातील उत्सव अशा प्रसंगांचे चित्रीकरण करणारे अनेक व्यावसायिक घरातील एखाद्या खोलीतूनच आपला व्यवसाय सांभाळतात. प्रसंग एका दिवसात पार पडतो. त्याच्या संकलनाला मात्र कितीतरी दिवस लागतात. संकलन पूर्ण झाल्यावर सगळे तुकडे, रंग, शीर्षके आणि ध्वनी एकत्र करून संगणक अंतिम चित्रफीत तयार करतो. या शेवटच्या टप्प्यास रेंडरिंग म्हणतात. ते सुरू असताना संगणक अडकून पडतो, पुढचे काम खोळंबते आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख जवळ येत राहते.

अशा वेळी अनेकांच्या मनात एक विचार येतो. मोठ्या कार्यालयांनी वापरून काढून टाकलेले, पुस्तकाएवढ्या आकाराचे छोटे डेस्कटॉप संगणक आता जुन्या मालाच्या बाजारात मिळतात. एका महागड्या यंत्राऐवजी असे चार संगणक घेऊन ते एकमेकांस जोडले, तर काम चौपट वेगाने होणार नाही का?

ही कल्पना नवी नाही. १९९४ साली अमेरिकेतील नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे संगणक साध्या जाळ्याने जोडून त्यांच्याकडून एकत्रित काम करवून घेतले. ‘बेवुल्फ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगाने बाजारात मिळणाऱ्या सामान्य यंत्रांतूनही मोठी गणनशक्ती उभी करता येते, हे दाखवून दिले. त्याच तत्त्वावर घरातही असा समूह उभा राहू शकतो. मात्र पैसे खर्च करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे. आपले काम वाटून देता येण्याजोगे आहे का?

वाटता येणारे आणि न येणारे काम

एखादे काम पूर्ण व्हायला एका संगणकावर १० तास लागतात असे समजू. त्यातील ८ तासांचे काम वाटून देता येते आणि उरलेले २ तास फायली आणणे, तुकडे जोडणे आणि तपासणे यांत जातात. चार संगणक लावले तर ८ तासांचे काम २ तासांत होईल. पण न वाटता येणारे २ तास तसेच राहतील. एकूण वेळ ४ तास, म्हणजे वेग अडीचपट. संगणक १६ केले तरी एकूण अडीच तास लागतील आणि वेग चौपट होईल. शेकडो यंत्रे आणली तरी तो पाचपटीच्या पलीकडे जाणार नाही, कारण ते २ तास कोणीही कमी करू शकत नाही. संगणकशास्त्रज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हा विचार आज ‘अॅमडालचा नियम’ म्हणून ओळखला जातो. घरगुती समूहाचा सारा हिशेब या नियमात सामावलेला आहे.

सर्वांत सहज वाटले जाणारे काम म्हणजे त्रिमितीय अॅनिमेशन. ब्लेंडरसारख्या आज्ञावलीत तयार केलेल्या चलच्चित्राची प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे रेखाटता येते. पहिली फ्रेम एका यंत्राने आणि दुसरी दुसऱ्याने केली तरी काही बिघडत नाही. २५ फ्रेम प्रतिसेकंद या गतीच्या एका मिनिटाच्या अॅनिमेशनमध्ये १,५०० फ्रेम असतात. एका फ्रेमला २ मिनिटे लागत असतील तर एका संगणकाला ५० तास लागतील. तशाच चार संगणकांना साडेबारा तास, म्हणजे एक रात्र पुरेल. हे वाटप करणारी ‘फ्लॅमेन्को’ ही आज्ञावली ब्लेंडरच्याच निर्मात्यांनी मोफत उपलब्ध करून दिली आहे.

दुसरे सहज वाटले जाणारे काम म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या शेकडो क्लिप्सचे रूपांतर. संकलन सुरळीत व्हावे म्हणून मूळ जड फायलींच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार केल्या जातात. प्रत्येक क्लिप स्वतंत्र असल्याने ती कोणत्याही यंत्राकडे सोपवता येते.

तयार झालेल्या एकाच लांब चित्रफितीचे संक्षेपण मात्र थोडे अवघड असते. संक्षेपित चित्रफितीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र, म्हणजे की-फ्रेम, असते आणि मधल्या फ्रेममध्ये बहुतांशी केवळ बदल नोंदलेले असतात. त्यामुळे तुकडे की-फ्रेमच्या सीमेवरच पाडावे लागतात. ‘एफएफएमपेग’ या मोफत साधनाने असे तुकडे करून, निरनिराळ्या यंत्रांवर संक्षेपित करून पुन्हा जोडता येतात. सर्व यंत्रांवर तीच आवृत्ती आणि तीच मांडणी ठेवावी. अन्यथा जोडाच्या ठिकाणी दर्जातील फरक डोळ्यांत भरतो. ध्वनीचे तुकडे पाडू नयेत. तो एकाच यंत्रावर सलग तयार करून शेवटी जोडावा. नाहीतर सांध्यावर खटका ऐकू येतो.

आता उलट बाजू. दाविंची रिझॉल्व्हसारख्या आज्ञावलीतील रंगसंस्करण, चित्रातील कणकण कमी करणे आणि तत्सम परिणाम यांचा मोठा भार ग्राफिक्स कार्डवर पडतो. छोट्या डेस्कटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड सहसा नसते. शिवाय रिझॉल्व्हची दूरस्थ रेंडरिंगची सोय स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीतच मिळते आणि ती एकेक काम पूर्णच्या पूर्ण एकेका यंत्राकडे पाठवते. एकच टाइमलाइन चार यंत्रांत विभागत नाही. लग्नविधी, स्वागतसमारंभ आणि संक्षिप्त चित्रफीत ही तीन वेगळी कामे असतील तर या सोयीचा उपयोग होईल. एकच तीन तासांची चित्रफीत असेल तर होणार नाही. ज्यांचे बहुतेक काम रिझॉल्व्हमधील रंगसंस्करणाचे आहे, त्यांनी चार छोट्या यंत्रांचे पैसे एका चांगल्या ग्राफिक्स कार्डावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

यंत्र निवडताना

काम वाटण्याजोगे आहे असे ठरले, तर पुढचा प्रश्न यंत्राचा. कार्यालयीन वापरातून बाजारात येणाऱ्या छोट्या डेस्कटॉपमध्ये लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचे एलिटडेस्क मिनी हे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. नावापेक्षा आतील प्रोसेसरची पिढी महत्त्वाची. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच अधिकृतपणे चालते. आठव्या पिढीत आय५ प्रोसेसरचे गाभे ४ वरून ६ झाले, हेही एक कारण आहेच. त्यामुळे आठवी पिढी ही खालची मर्यादा मानावी. रेंडरिंगच्या यंत्रांवर लिनक्स बसवायचे असेल तर विंडोजचा प्रश्न उरत नाही. ब्लेंडर, फ्लॅमेन्को आणि एफएफएमपेग तिन्ही लिनक्सवर चालतात.

प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी असलेले ‘टी’ हे अक्षर दुर्लक्षून चालणार नाही. आय५-८५०० आणि आय५-८५००टी या दोहोंत ६ गाभे आहेत. परंतु पहिल्याची मूळ गती ३ गिगाहर्ट्झ आणि उष्णतामर्यादा ६५ वॅट आहे, तर दुसऱ्याची २.१ गिगाहर्ट्झ आणि ३५ वॅट. पत्र लिहिताना वा हिशेबाचा तक्ता भरताना हा फरक जाणवत नाही. रेंडरिंगमध्ये मात्र सर्व गाभे तासन्‌तास पूर्ण क्षमतेने राबतात, तेव्हा तो स्पष्ट होतो. छोट्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ‘टी’ प्रोसेसरच असतात. काही प्रतिमाने ६५ वॅटच्या आवृत्तीतही निघाली असून त्यांना मोठा उष्णताशोषक आणि अधिक क्षमतेचा अॅडॉप्टर लागतो. दहाव्या पिढीच्या आय५-१०५००टी मध्ये ६ गाभ्यांवर १२ धागे चालतात. आठव्या पिढीच्या आय५ मध्ये ६ गाभ्यांवर ६ च. रेंडरिंगला हे अतिरिक्त धागे उपयोगी पडतात, म्हणून किमतीतील फरक थोडा असेल तर दहावी पिढी घ्यावी.

नव्या यंत्रांत एएमडीचे ८ गाभ्यांचे, १६ धाग्यांचे रायझन प्रोसेसर असलेले मिनी पीसी मिळतात. अशी दोन यंत्रे कित्येकदा जुन्या चार यंत्रांची बरोबरी करतात, कमी वीज घेतात आणि हमीसह येतात. याउलट इंटेल एन१०० या प्रोसेसरची स्वस्त यंत्रे रेंडरिंगसाठी घेऊ नयेत. त्यात ४ गाभे, ४ धागे आणि मेमरीची एकच वाहिनी असते. फायली साठवून त्या इतरांना पुरवणारे यंत्र म्हणून मात्र ते चांगले काम देते. रास्पबेरी पाय ५ चाही मोह टाळावा. त्यात चित्रफीत संक्षेपित करणारे यंत्रांग मुळी नाहीच.

फायनल कट प्रो वापरणाऱ्यांसाठी मॅक मिनी हा पर्याय आहे. अॅपलची कॉम्प्रेसर ही आज्ञावली एकच काम तुकड्यांत विभागून अनेक मॅकवर करू शकते. २०२० च्या एम१ मॅक मिनीत प्रोरेझ प्रकारासाठी वेगळे यंत्रांग नाही. एम२ पासून पुढे ते आहे. या यंत्रांची मेमरी नंतर वाढवता येत नाही, हे ध्यानात ठेवूनच खरेदी करावी.

मेमरीच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास आढळतो. ८ जीबीचे चार संगणक जोडले म्हणजे ३२ जीबी मेमरी मिळत नाही. ब्लेंडरमधील दृश्य प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या मेमरीत पूर्ण मावावे लागते. दृश्यास १२ जीबी लागत असेल तर ८ जीबीची दहा यंत्रेही निरुपयोगी ठरतील. प्रत्येक यंत्रात किमान १६ जीबी, तीही ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत असावी, म्हणजे मेमरीच्या दोन्ही वाहिन्या वापरात येतात.

इंटेलच्या प्रोसेसरमधील क्विक सिंक हे यंत्रांग चित्रफितीचे संक्षेपण अतिशय वेगाने करते. मात्र तेवढाच दर्जा राखायचा तर त्याची फाईल सॉफ्टवेअरने सावकाश केलेल्या संक्षेपणापेक्षा मोठी होते. प्रॉक्सीसाठी क्विक सिंक उत्तम. गिऱ्हाइकाच्या हाती जाणाऱ्या अंतिम प्रतीसाठी वेळ असेल तर सॉफ्टवेअरचा मार्ग धरावा.

जाळे: दुर्लक्षित दुवा

जत्रेतील तीन तासांच्या नाटकाचे तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण झाले असे समजू. १०० मेगाबिट प्रतिसेकंद दराच्या ४के चित्रीकरणाचा एक तास सुमारे ४५ जीबी होतो. म्हणजे ९ तासांचे ४०५ जीबी. या छोट्या संगणकांना सामान्यतः १ गिगाबिटचे जाळे असते. त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी वाहतात. सारा मजकूर एका यंत्रावर नेण्यास तासाहून अधिक वेळ लागेल. तो चार यंत्रांवर नेला तर साठवणाऱ्या यंत्राच्या एकाच तारेतून चौपट वाहतूक होऊन चार तास जातील. रेंडरिंगमध्ये वाचवलेला वेळ असा वाहतुकीत हरवतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक यंत्राला त्याच्या वाट्याचाच तुकडा देणे. प्रोरेझ ४२२ एचक्यू प्रकारातील ४के चित्रफीत २५ फ्रेमच्या गतीने सेकंदाला ७३७ मेगाबिट घेते. अशी एकच चित्रफीत वाचताना १ गिगाबिटची तार जवळजवळ भरून जाते. हे काम नेहमीचे असेल तर निदान साठवणाऱ्या यंत्रास आणि स्विचला २.५ गिगाबिटचा दुवा द्यावा. वायफायवर असा समूह चालवू नये. त्रिमितीय अॅनिमेशनची वाहतूक तुलनेने कमी असते. दृश्याची फाईल एकदा पोहोचली की परत येतात त्या केवळ तयार फ्रेम. म्हणूनच छोट्या संगणकांचा समूह अॅनिमेशनला अधिक मानवतो.

वीज, उष्णता आणि पाऊस

पूर्ण भाराखाली एक यंत्र ६० वॅट घेते असे धरले तर चार यंत्रांचे २४० वॅट होतात. वर सांगितलेल्या साडेबारा तासांच्या रात्रीत ३ युनिट वीज खर्च होईल. ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत एकावर एक रचलेली यंत्रे तापतात आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप गती कमी करतात. त्यामुळे ती उभी, परस्परांत बोटभर अंतर ठेवून, पंख्याच्या वाऱ्यात मांडावीत. समुद्राकाठच्या घरांत दमट, खारट हवा असते. पावसाळ्यात यंत्रे आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा मधूनमधून चालवणे आणि पंख्यांची धूळ नियमित काढणे हिताचे.

गोव्यातील पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून अॅनिमेशन थेट चित्रफितीच्या स्वरूपात रेंडर न करता प्रत्येक फ्रेम स्वतंत्र प्रतिमा म्हणून साठवावी. वीज गेली तर प्रत्येक यंत्राची फार तर एक फ्रेम वाया जाते. चित्रफितीची अर्धवट फाईल मात्र बहुधा पूर्णच निकामी होते. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांतील फरक पाहावा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच्या आसपासच भार पेलतो आणि तोही काही मिनिटेच. सर्व यंत्रांपेक्षा साठवणाऱ्या यंत्राला आणि स्विचला यूपीएसचे संरक्षण आधी द्यावे. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी सोय बहुतेक कार्यालयीन संगणकांच्या बायोसमध्ये असते. ती चालू करून ठेवावी.

जुने यंत्र पारखताना

दुकानात यंत्र केवळ सुरू करून पाहणे पुरेसे नाही. बायोसला जुन्या कार्यालयाचा पासवर्ड नाही ना, हे सर्वप्रथम तपासावे. तो काढणे कित्येकदा अशक्यप्राय असते. अॅडॉप्टर मूळ कंपनीचा आणि योग्य वॅटचा आहे का, ते पाहावे. काही यंत्रे अनोळखी अॅडॉप्टर ओळखतात आणि प्रोसेसरची गती मुद्दाम खाली आणतात. विकत घेणाऱ्याला मात्र यंत्रच मंद वाटते. पेन ड्राइव्हवर आपल्याच कामाचा छोटा नमुना न्यावा आणि तो निदान अर्धा तास सतत चालवावा. पहिल्या पाच मिनिटांची गती आणि शेवटच्या पाच मिनिटांची गती यांत मोठा फरक असेल तर शीतकरणात दोष आहे. ब्लेंडर ओपन डेटा या सार्वजनिक नोंदसंग्रहात निरनिराळ्या प्रोसेसरचे गुण पाहता येतात. दोन प्रतिमानांची तुलना करण्यास ते उपयुक्त आहेत.

शक्यतो सर्व यंत्रे एकाच प्रतिमानाची घ्यावीत. एकाचा अॅडॉप्टर, मेमरी वा पंखा दुसऱ्याला चालतो आणि एक यंत्र मोडले तरी त्याचे भाग उरलेल्यांना कामी येतात. फ्रेमनिहाय वाटपात मंद यंत्र फक्त कमी फ्रेम करते. पण चित्रफितीचे समान तुकडे पाडले असतील तर सर्वांत मंद यंत्रच एकूण वेळ ठरवते.

खरेदी एकदम चारची न करता दोनची करावी. आपल्या नेहमीच्या कामातील एक नमुना आधी आहे त्या संगणकावर आणि मग दोन यंत्रांची भर घालून चालवावा. रेंडरिंगला किती वेळ लागला, फायली हलवण्यात किती गेला आणि जोडणी व तपासणीत किती गेला, हे तीन आकडे वहीत वेगवेगळे लिहावेत. पहिला आकडा मोठा असेल तर आणखी दोन यंत्रे घेण्यात अर्थ आहे. दुसरा मोठा असेल तर पैसे जाळ्यावर खर्च करावेत. तिसरा मोठा असेल तर नव्या यंत्राने काहीच साधणार नाही. लग्नसराई तोंडावर असताना कर्ज काढून यंत्रे आणण्यापूर्वी हे तीन आकडे हाती असणे, हा घरगुती व्यावसायिकासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा विमा आहे.